दावणीचा घोडा आणि महिन्याचा हिशेब

घोडा पाळण्याविषयी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे : घोड्याला महिन्याला खर्च किती येतो, आणि ज्यांच्या दारात घोडे आहेत ते हा खर्च भागवतात तरी कसा? त्यांतील निवडक पत्रे संक्षिप्त करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. उत्तरांतील रुपयांचे आकडे हिशेबाची रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. चारा, धान्य आणि मजुरी यांचे भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून वाचकांनी आपल्या बाजारातले भाव घालून तीच बेरीज पुन्हा करावी. घोड्याला रोज किती किलो लागते, हे मात्र भावाप्रमाणे बदलत नाही.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. मखमलाबाद शिवारात आमची दोन एकर बागायती जमीन आहे. लहानपणापासून घोड्याची ओढ असल्यामुळे एक काठेवाडी घोडी पाहून ठेवली आहे. विकणारा म्हणतो की महिन्याला पाच-सहा हजारांत घोडी आरामात सांभाळली जाते. माझे मामा म्हणतात की पंचवीस हजारांच्या खाली घोडा दारात उभा राहत नाही. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : आकडा दोघांचाही खोटा नाही, पण विक्रेता फक्त दाणा-चारा मोजतो आहे आणि आपले मामा घोडीबरोबर तिला सांभाळणारा माणूसही मोजत आहेत.

आधी दाणा-चारा पाहू. काठेवाडी घोडी साधारण ३५० किलो वजनाची धरली, तर तिला दिवसाला वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ७ किलोच्या आसपास कोरडा आहार लागतो, आणि काम असेल तर त्याहून थोडा अधिक. त्यातला मोठा वाटा गवत-चाऱ्याचाच असला पाहिजे, कारण घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते, मोकळा सोडला तर तो दिवसातले चौदा-सोळा तास थोडे थोडे चरत राहतो आणि त्याची पचनसंस्था याच चरण्यावर बेतलेली आहे. ६ किलो वाळलेले गवत १० रुपये दराने ६० रुपयांचे, ५ किलो ओला लसूणघास (लूसर्न हे चाऱ्याचे पीक) ८ रुपये दराने ४० रुपयांचा, १ किलो भरडलेला हरभरा ७० रुपयांचा आणि १ किलो गव्हाचा कोंडा ३० रुपयांचा धरला, तर दिवसाला २०० आणि महिन्याला ६,००० रुपये होतात. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) फार आणि कॅल्शियम थोडे असते, त्यामुळे नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे कालांतराने कमजोर होतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्याने तो ही उणीव भरून काढतो, म्हणून महाग वाटला तरी तो यादीतून काढू नये. विक्रेत्याचा हिशेब इथपर्यंतचाच आहे.

पुढचा खर्च नालबंदाचा. घोडा काम करो वा नुसता उभा राहो, त्याचा खूर महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतोच, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावाच लागतो. जुना नाल काढल्यावर वाढलेला खूर छाटून मग नाल खुराच्या आकाराला बेतायचा असतो. आणलेला नाल लहान पडतो म्हणून पुढचा खूर कानशीने घासून नालाच्या मापाचा करणारा कारीगर कितीही स्वस्त असला, तरी तो पुढच्या लंगडेपणाची सोय करून जातो. आपण त्या वेळी शेजारी उभे राहून पाहावे. एका खेपेला १,२०० रुपये धरले, तर वर्षभराच्या खेपांची सरासरी महिन्याला ८५० रुपयांच्या घरात येते. धनुर्वाताची लस, जंतनाशक आणि वर्षातून एकदा दातांची तपासणी मिळून वर्षाला ६,०००, म्हणजे महिन्याला ५०० रुपये धरावेत. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात, आणि त्यांच्या कडा धारदार झाल्या की गालाला व जिभेला जखमा होतात. गव्हाणीखाली गवताचे अर्धवट चावलेले ओले गोळे पडलेले दिसले, किंवा लिदेत अख्खे दाणे सापडू लागले, तर दाणा वाढवण्याआधी दात दाखवावेत. कित्येक घरांत महिनोन्महिने महागडा दाणा असाच लिदेतून वाया जातो. अंथरूण म्हणून भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा १,०००, वीज-पाणी आणि माश्यांचा बंदोबस्त ५००, लगाम-खोगिराची डागडुजी ४००. दाणा-चाऱ्यासह ही सगळी बेरीज ९,२५० रुपये होते.

यात दरमहा २,००० रुपये आजारपणासाठी वेगळे काढावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात अडलेले खाली सरकले नाही, तर जो पोटशूळ उठतो तो काही तासांत जिवावर बेततो. घोडी पुढच्या पायाने जमीन खरवडू लागली, वळून वळून कुशीकडे पाहू लागली, लोळू लागली आणि लीद थांबली, तर रात्र असो वा सणाचा दिवस, डॉक्टरांना बोलवावे लागते, आणि प्रसंगी गाडी करून मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. त्या रात्री पैशांची जुळवाजुळव करायला वेळ नसतो.

म्हणजे घरच्यांनी स्वतः सांभाळली तर ११,२५० रुपये. १५,००० रुपये पगाराचा माणूस तीन घोड्यांमागे एक असा वाटून ठेवला तर १६,२५०, आणि एकाच घोडीसाठी ठेवला तर २६,२५०. आपल्या मामांचा आकडा हाच आहे.

आपल्याकडे पाण्याखालची जमीन आहे, ही मोठीच जमेची बाजू आहे, कारण एका घोडीच्या लसूणघासाला तीन-चार गुंठे पुरतात. परंतु पत्रात आपण नोकरीतील पाळ्यांविषयी काही लिहिलेले नाही. दिवसातून निदान चार वेळा गवत टाकणे, पाणी भरणे, लीद काढणे, खरारा करणे आणि फिरवून आणणे हे काम घरात कोण करणार, याचे नाव ठरल्याशिवाय बयाणा देऊ नये. शिवाय घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटी बांधलेली घोडी बेचैन होते, तेव्हा शेजारी निदान गाय किंवा शेळी असावी. माझा सल्ला असा की पुढचे सहा महिने, घोडी दारात आहे असे समजून, ठरेल ती पूर्ण रक्कम दर महिन्याला बँकेत वेगळी टाकावी. ती न ओढता टाकता आली, तर घोडी घ्यावी, आणि साठलेले पैसे आजारपणाचा निधी म्हणून तसेच राहू द्यावेत. पहिलाच घोडा असेल तर घोडी किंवा खच्ची केलेला शांत घोडाच पाहावा. दमदार नर पाहून भुलू नये.

प्रश्न : आमच्याकडे दोन घोडे आहेत. गवताच्या भावाने जीव मेटाकुटीला आला आहे. चाळीत खराब झालेला कांदा, द्राक्षबागेत खुरपलेले तण, जुना मका आणि शेजारच्या पोल्ट्रीतले उरलेले खाद्य असे बरेच काही फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळते. गाई-म्हशी यातले बरेच खातात. घोड्यांना देण्यास हरकत आहे काय?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : हरकत आहे, आणि यातील एका वस्तूबाबत तर जिवाचा धोका आहे, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे.

पोल्ट्रीचे खाद्य घोड्याच्या गव्हाणीजवळही येऊ देऊ नये. कोंबड्यांना होणारा रक्ती हगवणीचा रोग टाळण्यासाठी त्या खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे मिसळलेली असतात. कोंबडीला ती मानवतात, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर त्यांचा घातक परिणाम होतो. अगदी थोडी मात्राही घोड्याला पुरते आणि तिच्यावर उतारा नाही. काही तयार पशुखाद्यांतही मोनेन्सिन असते, त्यामुळे गाईची पेंड-गोळी "एका वेळेपुरती" घोड्याला घालण्याची सवयही मोडावी, आणि पोल्ट्रीची रिकामी पोती घोड्याचा दाणा भरण्यासाठी वापरू नयेत.

कांदा आपल्या जिल्ह्यात मुबलक, आणि भाव पडला की ढिगाने फेकला जातो. मात्र कांदा आणि त्याची पात यांतील घटकांमुळे घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. घोडा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी गडद तांबूस होऊ लागते. एखादी पात तोंडात गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण चारा म्हणून कांदा देऊ नये.

स्वच्छ, कोरडा मका थोड्या प्रमाणात चालतो. पावसात भिजलेला किंवा जुना मका मात्र टाळावा, कारण त्यावर वाढणाऱ्या फ्युजॅरियम या बुरशीचे विष घोड्याच्या मेंदूवर आघात करते, आणि दाणा वरून बरा दिसत असला तरी आत हे विष असू शकते. द्राक्षबागेतील तणाचे म्हणाल, तर बागेवर बोर्डो मिश्रणापासून नाना बुरशीनाशके व कीटकनाशके फवारली जातात आणि ती तणावरही बसतात. ज्या बागेत छाटणीनंतर फवारणी सुरू झाली आहे, तिथले तण घोड्याला घालू नये. कोवळ्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीच्या हिरव्या पिकात सायनाइडजन्य विष असते, म्हणून तेही नको. पिकून वाळलेला कडबा चालतो.

आता बचत कुठे होऊ शकते ते पाहू. रोज ६ किलो या मापाने एका घोड्याला वर्षाला २,१९० किलो वाळलेले गवत लागते, म्हणजे किलोमागे एक रुपयाचा फरक पडला तरी वर्षाला घोड्यामागे २,१९० रुपयांचा फरक पडतो. इगतपुरी-घोटीच्या बाजूचे गवत पावसाळा सरल्यावर कापले जाते. त्या वेळी शेजारच्या दोन-तीन घोडेवाल्यांनी मिळून गाडीभर खरेदी केली आणि जमिनीपासून फूटभर उंच माच्यावर, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल अशी गंजी रचली, तर चैत्र-वैशाखात चढ्या भावाने पेंढ्या विकत घेण्याची वेळ येत नाही. गवत रचण्यापूर्वी पूर्ण वाळलेले असावे, कारण बुरशीच्या धुळीने घोड्याला दम्यासारखा खोकला लागतो आणि तो जन्मभर पिच्छा सोडत नाही.

दुसरी बचत दाण्यात आहे. जो घोडा आठवड्यात एक-दोन वेळाच बाहेर निघतो, त्याला रोज किलोभर हरभऱ्याची गरज नसते. चांगले गवत, लसूणघास, मीठ आणि पाणी यांवर तो उत्तम राहतो, आणि त्याचा हरभरा थांबवला तर वरील भावाने घोड्यामागे महिन्याला २,१०० रुपये वाचतात. हा बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करावा. अडचणीच्या काळात बहुतेक घरांत नेमके उलटे होते : घोड्याची ताकद जाईल म्हणून दाणा चालू ठेवतात आणि गवत कमी करतात, आणि पोटशुळाला तिथूनच वाट मिळते. गवत कवेत उचलून अंदाजाने न टाकता एकदा तोलकाट्यावर मोजून पाहावे. आपली एक कव नेमकी किती किलोची हे कळले की उधळपट्टीही थांबते आणि उपासमारही.

प्रश्न : आमच्या आजोबांचा टांगा होता. रिक्षा वाढल्या तसा तो धंदा गेला. आता आम्ही दोन पांढरे नुकरा घोडे वरातीसाठी ठेवले आहेत. लग्नसराईत हात मोकळा असतो, पण आषाढी एकादशीनंतर चार महिने काहीच येत नाही आणि दरवर्षी उसनवारी करावी लागते. सिंहस्थात मिरवणुकांना मागणी येईल, म्हणून तिसरा घोडा घ्यावा असे धाकटा भाऊ म्हणतो. आपले मत काय?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपल्या पत्रात या सगळ्या विषयाचे मर्म आहे. घोड्याचे पोट बारमाही आणि त्याची कमाई हंगामी, त्यामुळे ज्या महिन्यात पैसा येतो त्या महिन्याचा हिशेब कधीच खरे चित्र दाखवत नाही. आपल्यासारख्यांनी खर्च वर्षाचा मांडावा आणि तो वरातींच्या संख्येने भागावा. घरचीच माणसे सांभाळतात असे धरून घोड्यामागे महिना ११,२५० रुपये, म्हणजे दोन घोड्यांचे वर्षाला २,७०,००० रुपये होतात. वर्षात साठ वराती मिळत असतील, तर प्रत्येक वरातीमागे ४,५०० रुपये हे केवळ घोड्यांच्या पोटापाण्याचे झाले. टेम्पोचे भाडे, सजावटीचा साज आणि आपली स्वतःची मजुरी त्याच्यावर धरायची. चाळीसच वराती असतील तर हाच आकडा ६,७५० वर जातो. सुपारी घेताना समोरचा घासाघीस करू लागला की आपण कुठपर्यंत खाली यायचे, हे या भागाकारावरून ठरवावे. बाजूचा घोडेवाला कितीला तयार झाला यावरून ठरवू नये.

चातुर्मासाची तरतूद लग्नसराईतच व्हायला हवी. दोन घोड्यांचे चार महिन्यांचे ९०,००० रुपये होतात. तुळशीच्या लग्नानंतर मिळणाऱ्या प्रत्येक सुपारीतून ठरावीक हिस्सा पतसंस्थेच्या किंवा टपालाच्या आवर्त ठेवीत टाकला, तर आषाढात सावकाराच्या दारी जावे लागत नाही. घरखर्चाचा गल्ला आणि घोड्यांचा गल्ला वेगळा ठेवणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही जी कुटुंबे हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या टिकवून आहेत, त्यांच्याकडे हा वेगळा गल्ला किंवा घरातला दुसरा कमावता माणूस, यांपैकी एक गोष्ट हमखास आढळते. रिकाम्या महिन्यांत दाणा कमी करून घोडे मोकळ्या रानात चरायला ठेवावेत आणि पाय मोकळे करण्यापुरते रोज फिरवावेत. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा हा तापाचा रोग पसरतो, म्हणून या काळात तबेल्याची स्वच्छता ढिली पडू देऊ नये.

आपल्या बंधूंच्या सूचनेविषयी स्पष्ट लिहितो. सिंहस्थाच्या मिरवणुका मोजक्या दिवसांच्या आहेत, आणि घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. २०२७ च्या पर्वण्यांकडे पाहून घेतलेला तिसरा घोडा २०२८ च्या चातुर्मासातही तेवढेच गवत मागणार आहे. त्या दिवसांसाठी ओळखीच्या घोडेवाल्याशी भागीदारीत व्यवहार ठरवावा. एकाच धंद्यावर भिस्त ठेवण्याचा धोकाही लक्षात घ्यावा : मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांची हौसेची सफर उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवली, तेव्हा त्या घोड्यांवर पोट असलेल्या घरांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला होता.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती खर्चाशी निगडित आहे. उन्हाळ्याच्या भर लग्नसराईत घोडे अति राबवले जातात. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ पासून नियम आहेत. त्यांनुसार दिवसाला नऊ तासांहून अधिक किंवा सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपता येत नाही. वरातीच्या घोड्यालाही आपण हीच मर्यादा लावावी. ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर टाच मारून घोडा नाचवण्याची मागणी आली, तर ती सुपारी सोडावी. त्यात प्राण्याचे हाल आहेतच, शिवाय डांबरी रस्त्यावर पाय घसरून एकदा सांधा दुखावला, की अख्खा हंगाम बुडतो.

प्रश्न : आमची अकरा वर्षांची मुलगी घोडेस्वारी शिकते आहे आणि स्वतःच्या घोड्याचा हट्ट धरून बसली आहे. आम्ही सदनिकेत राहतो. घोडा घेऊन दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवणे परवडेल का?
— एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : दुसऱ्याच्या तबेल्यात घोडा ठेवला, की वर मांडलेल्या खर्चात जागेचे भाडे, माणसाच्या पगारातला वाटा आणि चालकाचा नफा मिळवला जातो, नालबंद, औषधे आणि डॉक्टर बहुधा त्याबाहेर असतात. करार करण्यापूर्वी त्या रकमेत काय येते आणि काय येत नाही, आणि आपण गावाला गेलेले असताना पोटशूळ उठला तर डॉक्टरला बोलवण्याचा अधिकार कोणाला, हे लेखी घ्यावे.

तूर्त घोडा घेऊ नये, असे मला वाटते. अकरा वर्षांची मुलगी तीन-चार वर्षांत उंचीने आणि वजनाने वाढेल, आणि घोड्याच्या पाठीवर खोगिरासह त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार असू नये. आज घेतलेले लहान तट्टू तिला लवकरच अपुरे पडेल. दहावी-बारावीची वर्षेही पुढे आहेत. नाशिकला घोडेस्वारीच्या शिक्षणाची परंपरा आहे. १९३७ मध्ये सुरू झालेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्येही अश्वारोहण शिकवले जाते. शिकवणी चालू ठेवून तिला तबेल्यातील एका घोड्याची अर्धी जबाबदारी घेऊ द्यावी. ठरावीक दिवसांचा खर्च आपण द्यायचा आणि त्या दिवशी खरारा करणे, खूर साफ करणे, लीद काढणे हे सगळे तिने करायचे. वर्षभर पावसाळ्या-उन्हाळ्यात ती हे करत राहिली, तर पुन्हा विचार करता येईल.

प्रश्न : माझ्याकडे एक चांगली मारवाडी घोडी आहे. तिला फळवून शिंगरे विकली तर घोडीचा खर्च निघेल, असे बरेच जण सांगतात. अश्वपालनाला सरकारी अनुदान मिळते म्हणतात, ते खरे का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि शिंगरू साधारण सहा महिन्यांचे झाल्यावर दुधावरून तोडले जाते. म्हणजे विकण्याजोगे शिंगरू हाती येईपर्यंत घोडीचा निदान सतरा महिन्यांचा खर्च होतो, जो ११,२५० च्या हिशेबाने १,९१,२५० रुपये भरतो. त्यात नराचे शुल्क, गाभणपणाच्या तपासण्या आणि शिंगराचा स्वतःचा खुराक मिळवायचा आहे, आणि घोडी दर खेपेला फळेलच असेही नाही. शिंगराला याहून बराच अधिक भाव येईल असे घोडीचे वंशवळण, उंची आणि नोंदणीची कागदपत्रे असतील, तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो. येवल्याचा घोडेबाजार आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची मोठी यात्रा भरते. तिथे विकण्याची घाई न करता आधी एक वर्ष नुसते फिरून, आपल्या घोडीच्या तोडीच्या जनावरांच्या शिंगरांचे सौदे प्रत्यक्षात किती रुपयांना तुटतात ते पाहावे. मालक तोंडाने सांगतो तो भाव आणि सौदा होतो तो भाव यांत पुष्कळ अंतर असते. यात्रेला नेण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो, बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते आणि साथीत घोड्यांची ने-आण बंद होते. देशातील अश्वरोगांचे काम पाहणारे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हरियाणातील हिसार येथे आहे; तपासणीची सोय आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत होते.

अनुदानाची बातमी खरी आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये जे बदल मंजूर झाले, त्यांनुसार घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीच्या उद्योगासाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. परंतु ते उद्योग उभारण्यासाठी आहे. एका घोडीच्या महिन्याच्या दाणा-चाऱ्याला त्याचा आधार नाही, आणि उरलेले भांडवल स्वतःचे किंवा बँकेचे असावे लागते. आपल्या कामाचा भाग दुसराच आहे : त्याच निर्णयात पशुधन विम्याच्या हप्त्यातील लाभार्थ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणलेला आहे. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे दोन्हींची चौकशी करावी, आणि निदान विमा तरी उतरवावा.

जाता जाता एक सांगतो. आपल्याच राज्यात मेंढपाळ धनगरांचे घोडे बिऱ्हाड पाठीवर घेऊन कळपांबरोबर गावोगाव हिंडतात आणि वाटेतल्या पडीक रानांवर चरतात; अलीकडे भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेले घोडे ते हेच. त्यांच्या मालकांना गवत विकत घ्यावे लागत नाही, म्हणूनच तो घोडा टिकला. सिन्नरसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात, चराऊ रान नसताना घोड्यांची संख्या वाढवणे म्हणजे गवताबरोबर कदाचित पाणीही विकत घेणे, कारण एका घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते.

प्रश्न : आमचा घोडा चोवीस वर्षांचा आहे. आता स्वारी होत नाही. एक जण थोड्या पैशांत न्यायला तयार आहे. द्यावा का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : देऊ नये. या वयाचा घोडा विकत घेणारा त्याच्याकडून काम करून घेण्यासाठीच नेतो, आणि ते काम बहुधा वीटभट्टीवरचे किंवा ओझ्याचे असते. ज्याने आपली उमेदीची वर्षे आपल्या घराला दिली, त्याची अखेर आपल्या नजरेसमोर व्हावी, असे मला मनापासून वाटते. काम थांबल्यामुळे नाल काढून नुसते खूर छाटत राहिले तरी चालते, त्यामुळे तो खर्च घटतो. गवत मात्र कुट्टी करून आणि कोंडा पाण्यात कालवून द्यावा लागतो, कारण दात झिजलेले असतात. थंडीत अंगावर झूल घालावी. वेदना आवरेनाशा झाल्या आणि उठणे-बसणे थांबले, तर दयामरणाचा निर्णय डॉक्टरांशी बोलून वेळेवर घ्यावा, आणि पुरण्यासाठी जागा व यंत्राचा खर्च आधीच विचारात घेऊन ठेवावा.

प्रश्न : लिदेचे पैसे होतात का?
— एक वाचक, आडगाव

उत्तर : थोडे होतात. एक घोडा दिवसाला सुमारे १५ किलो लीद टाकतो, म्हणजे वर्षाला पाच टनांहून अधिक. ताजी लीद कोणी विकत घेत नाही, पण खड्ड्यात किंवा ढिगात ओलावा राखून, अधूनमधून उलथून तीन-चार महिने कुजवली, तर दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार ती खत म्हणून घेतात. रोख पैशांऐवजी खताच्या बदल्यात लसूणघास किंवा कडबा मागितला, तर दोघांचेही भागते; फक्त ज्या रानात तणनाशक मारले आहे, तिथला चारा बदल्यात घेऊ नये. लिदेत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून ढीग उलथणाऱ्या माणसाने धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असावी.